मन्मथने चार्ज दिलेला नाही

ही घटना खरी आहे. शपथ घेणार नाही. एकदा एका कागदावर सही केली, तेव्हापासून मला सही आणि शपथ दोन्हींची धास्ती वाटते.

भुतांच्या गोष्टीत रात्र असते. माझ्या गोष्टीत दुपारचे चार आहेत.

काय करू... माझी शिफ्टच आठ ते चार होती.

तारीख ३० सप्टेंबर २००२. वार सोमवार. जागा लातूर–अहमदपूर रस्त्यालगतचं एक छोटं जलशुद्धीकरण केंद्र. गावाचं नाव सांगत नाही. लोक अजून तेच पाणी पितात, उगाच त्यांची तहान जायची.

मी हारिस. अब्बांचं लातूरला घड्याळ दुरुस्तीचं दुकान. मला डॉक्टर करायचं म्हणून त्यांनी क्लासला घातलं. त्या काळात लातूरमध्ये घरटी एक क्लास होता आणि प्रत्येक खाटेवर एक होणारा डॉक्टर झोपलेला होता. याच रस्त्यावरच्या वसतिगृहात मी दोन वर्षं राहिलो. शेजारच्या खाटेवर सुदर्शन. नोट्स त्याच, डाळ तीच, पाणी तेच.

तो नांदेडला मेडिकलला लागला.

मी ते पाणी जिथून यायचं तिथं लागलो.

तेही कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार. मला एकच गोष्ट हवी होती... कायम व्हायचं होतं. पेढे घेऊन नांदेडला जायचं, सुदर्शनच्या होस्टेलच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "मी कायम झालो. तू अजून शिकतच आहेस का?"

काम सोपं होतं. आठ, बारा आणि चार. या तीन वेळा काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. रंग तक्त्याशी जुळवायचा, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. महिनाअखेर सगळे आकडे मासिक अहवालात उतरवायचे. दोन्हीकडे शेवटच्या रकान्यात शेरा. त्याखाली 'चार्ज दिला', 'चार्ज घेतला' आणि दोन सह्या.

पहिल्याच महिन्यात केंद्राचे प्रमुख शेषेराव साहेबांनी माझा अहवाल दोन बोटांत धरला.

"हे अक्षर हाय का कोंबडी चालली कागदावरून?"

मी अहवाल परत घ्यायला हात पुढे केला.

"कपाटात मन्मथचे अहवाल हायत. बघ जरा. एक खाडाखोड सापडली तर माझं नाव बदल."

मी बघितले. सापडली नाही. निळी शाई, मोत्यासारखं अक्षर, दहा वर्षांचे अहवाल.

मला हा मन्मथ त्याच क्षणी आवडेनासा झाला.

पुढच्या महिन्यातही तेच. "मन्मथच्या काळात असं नव्हतं." त्याच्या पुढच्या महिन्यातही. शेवटी मी आमच्या व्हॉल्व्हमनला, गुरुबसप्पांना, विचारलं, "अप्पा, हा मन्मथ सध्या कुठं आहे?"

ते बिडी विझवत म्हणाले, "भूकंपात गेला की. त्र्याण्णवला."

मी नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या माणसावर जळत होतो.

जिवंत माणसावर जळण्याला काही अर्थ असतो. तो कधीतरी नापास होईल, त्याला टक्कल पडेल, अशी आशा असते. मेलेला माणूस त्याच अक्षरात राहतो.

अप्पांनी सगळं सांगितलं. मन्मथचं गाव किल्लारीच्या बाजूला. गणपती विसर्जनाची रात्र. त्याची शिफ्ट रात्री बारा ते सकाळी आठ. बाराचं रीडिंग त्याने घेतलं. चारचं आधीच लिहून ठेवलं, आणि लेकरांना बघून येतो म्हणून मोटरसायकलवर गावाकडं गेला.

तीन छप्पन्नला जमीन हलली.

"एकदाच आगाऊ लिवलं त्यानं," अप्पा म्हणाले. "दहा वरसांत एकदाच."

रजिस्टरप्रमाणे मन्मथ चार वाजता ड्यूटीवर होता.

आणि सकाळी आठला चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. सगळे ढिगारे उपसायला गेले होते.

हे मला जूनमध्ये कळलं. जुलैपासून सुरू झालं.

एका दुपारी चारचं रीडिंग घ्यायला उठलो. कोपऱ्यात स्टँडमध्ये नळ्या होत्या. त्या एकमेकींना लागल्या...

टिण... टिण... टिण...

रस्त्यावर ट्रक नव्हता. मी घड्याळ बघितलं. अब्बांनी दिलेलं, कधी मिनिटभर मागे न पडणारं. तीन छप्पन्न. सेकंदकाटा थांबलेला.

मग बाहेरच्या कारंज्याचा, पाण्यात हवा मिसळायला असतं त्याचा, आवाज गेला. पाणी पडत होतं. मला दिसत होतं. फक्त आवाज नव्हता...

चार मिनिटांनी सगळं पूर्ववत.

रजिस्टर उघडलं. चारच्या रकान्यात आकडा होता. ०.५. निळी शाई. मोत्यासारखं अक्षर.

मी घाबरलो. हे प्रामाणिकपणे सांगतो.

मग मी पाणी तपासलं. ०.५ च आलं.

मग मला राग आला.

रोज तेच. मी नळी उचलायच्या आत आकडा तयार. आमच्या रजिस्टरमध्ये रकान्यावर नुसतं '४' छापलेलं, पहाटेचे की दुपारचे ते लिहिलेलं नाही. त्यामुळे तो दोन्ही वेळा येत असावा. पहाटेचा आमचा माणूस झोपलेला असायचा, त्याला ती सोयच वाटली. त्याने कुणाला सांगितलं नाही.

महिनाअखेर साहेब आले. रजिस्टरवर बोट फिरवत गेले. "कोंबडी... कोंबडी..." आणि चारच्या रकान्यावर थांबले.

"हां. हे बघ. हे मन्मथच्या वळणाचं. असं लिव की सगळं."

हा माणूस मेल्यावरही माझ्याआधी हजर होता, आणि शाबासकी घेऊन जात होता.

ऑगस्टमध्ये मी एक वाईट काम केलं. त्याला एकदा चुकवायचंच होतं. पावणेचारला ब्लीचिंग पावडरची अर्धी बॅग पाण्यात ओतली. नळ्या वाजल्या. कारंज्याचा आवाज गेला. मी हसत रजिस्टर उघडलं.

२.०.

मी तपासलं. पाणी पिवळंजर्द. २.०.

आणि शेऱ्याच्या रकान्यात, निळ्या शाईत, एक ओळ...

'नवीन माणूस रागीट आहे.'

दुसऱ्या दिवशी वसतिगृहातून तक्रार आली. पोरांचे डोळे चुरचुरले होते, दोघांना उलट्या झाल्या होत्या. त्यातल्या एकाच्या खाटेवर कधीकाळी मी झोपलो असेन. मला लाज वाटली. साहेब कडाडले, "मन्मथच्या काळात असं कधी झालं न्हाई." लाज गेली. फक्त मन्मथ उरला.

मी विचारलं, "साहेब, माझ्या कायमच्या प्रस्तावाचं काय?"

"पद रिक्त कुठाय?"

"कुणी भरलंय?"

"मन्मथने."

"साहेब, तो वारला."

"ते ग्रामपंचायतीत. आपल्याकडं सप्टेंबर त्र्याण्णवचा मासिक अहवाल अपुरा हाय. मन्मथने चार्ज दिलेला न्हाई. चार्ज दिला न्हाई म्हणजे माणूस ड्यूटीवर. माणूस ड्यूटीवर म्हणजे पद भरलेलं."

तो मेलेला असून कायम होता. मी जिवंत असून कंत्राटी.

"मग अहवाल पूर्ण केला तर?"

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "मला काही विचारू नको. चार्ज घेतल्याची सही कुणाची तरी लागते, एवढं मला ठाऊक."

३० सप्टेंबर. सोमवार.

मी कपाटातून त्र्याण्णवचा सप्टेंबर काढला. कागद पिवळा पडलेला. शेवटची ओळ तीस तारखेची. बारा, ०.५. चार, ०.५. त्याखाली 'चार्ज दिला'. रिकामं. 'चार्ज घेतला'. रिकामं.

साडेतीनला टेबलावर अहवाल पसरून बसलो. दया वगैरे माझ्या मनात नव्हती. त्या खुर्चीवरून त्याला उठवायचं होतं. बस.

तीन छप्पन्न.

टिण... टिण... टिण...

कारंजं मुकं झालं.

समोरची लोखंडी खुर्ची, रिकामी... जमिनीवर घासत जरा मागे सरकली. बसलेला माणूस उठताना सरकते तशी.

मी खाली बघितलं. 'चार्ज दिला' समोर सही होती. निळी. शाई ओली.

मी पेन उचललं. 'चार्ज घेतला' समोर माझी कोंबडी चालवली.

हारिस.

कुणीतरी खूप लांब श्वास सोडला. माझ्या कानाजवळ नाही... त्या रिकाम्या खुर्चीपाशी. मग वाळूवर पावलं. गेटकडे. साखळी निघाल्याचा आवाज.

मी धावत बाहेर गेलो. गेट उघडं. गुरुबसप्पा शेजारी उकिडवे बसलेले. त्यांनी मान वर केली नाही.

"अप्पा, कोण गेलं?"

"जाऊ दे," ते म्हणाले. "नऊ वरसं ओव्हरटाईम झाला त्याचा."

सहा महिन्यांत मी कायम झालो.

पेढे घेऊन नांदेडला गेलो. सुदर्शनने मिठी मारली, मनापासून आनंद झाला त्याला. माझी सगळी मजा गेली.

त्यानंतर नळ्या कधी वाजल्या नाहीत. २००९ मध्ये दुष्काळ पडला, तलाव आटला, प्लांट बंद झाला. एका दिवसात बदलीचे कागद आले आणि मला नांदेडला पाठवलं. पोत्यात रजिस्टर भरताना शेवटचं पान दिसलं. 'चार्ज दिला.' कुणाला देणार? समोर कोणीच नव्हतं. तसंच बांधलं.

तेव्हा काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी तो प्लांट पुन्हा सुरू झाला.

साधारण तेव्हापासून नाझनीन, माझी बायको, मला विचारते, "रोज चारला तुम्ही कुठं असता हो?"

"इथंच. तुझ्यासमोर."

"समोर बसलेले असता. हाका मारते, ओ देत न्हाई. डोळे उघडे. चार मिनिटं. कोण हाय ती?"

मी खरं ते सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. ती माझे हात हुंगते. हातांना ब्लीचिंग पावडरचा वास येतो. माझं नांदेडचं काम टेबलाचं आहे, मी पावडरीला बोट लावत नाही. नाझनीन म्हणते, "अत्तराचा वास आला असता तर माहेरी गेले असते. हा वास संडासाचा हाय, म्हणून थांबले."

घड्याळ अब्बांकडे पाठवलं. रोज चार मिनिटं मागे पडतं. अब्बांनी उघडलं, बघितलं, परत पाठवलं. म्हणाले, "घडी में कुछ नहीं है बेटा. तेरे हात में पडी तो रुकती."

आणि काल दुपारी, चारच्या जरा आधी, फोन आला.

"हारिसभाई का? मी जेबा. तुमच्या जुन्या प्लांटवर ऑपरेटर आहे."

आवाजात राग होता. तो राग मी लगेच ओळखला.

"भाई, एक विचारू? साहेब रोज म्हणतात, हारिससारखं लिही, हारिससारखं लिही. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यात काय एवढं सोनं लागलंय?"

"माझं अक्षर तू कुठं बघितलंस?"



"चारच्या रकान्यात. रोज असतं. मी नळी उचलायच्या आत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला कायम व्हायचंय भाई. अकरा महिन्यांचा करार आहे. साहेब म्हणतात पद रिक्त नाही, हारिसने चार्ज दिलेला नाही. आज पहाटे शेऱ्यात तुम्ही एक ओळ लिहिलीय. वाचू?"

मी हो म्हणालो नाही. तिने वाचली.

"'मुलगी चांगली आहे. चार्ज घेईल का, विचारा.'"

पलीकडे कारंज्याचा आवाज येत होता.

"उद्या तीस तारीख, भाई. अहवाल जायचाय. सही करू का?"

मी काही बोलायच्या आत फोनमधला कारंज्याचा आवाज बंद झाला. जेबाचा श्वास ऐकू येत होता. फोन चालू होता.

नाझनीन मला हाका मारत होती म्हणे.

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. जेबाला म्हणतोय मी. आज तीस तारीख आहे. हे लिहून होईपर्यंत साडेतीन वाजले.