खाप्याला नेलेली तिसरी तबकडी

यात माझा मीठमसाला शून्य. आमचे मधुकरकाका जन्मभर चिडून सांगत आले, तेच सांगतो. पटलं तर घ्या.

साल १९४४. डिसेंबरातला शनिवार, संध्याकाळचे सात. नागपुरात सदर भागातला एक हॉल.

गोऱ्या सोल्जरांसाठी चौदा जणांचा जॅझ बँड वाजणार होता. रेकॉर्डिंगचं मशीन होतं काकांचं, म्हणजे मधुकररावांचं; त्यांनी तो तबकडीवर उतरवायचा होता. लढाईमुळे कोऱ्या तबकड्या मिळत नव्हत्या. त्यांच्याजवळ उरल्या होत्या फक्त तीन.

बँडमध्ये आपल्या भागातला एकच माणूस, ट्रंपेटवाला विश्वनाथ. लग्नाच्या वराती वाजवता वाजवता इथवर पोचलेला. त्याची माय प्रयागबाई तिकडे नागपूरजवळच्या खाप्याला खाटेला खिळलेली.

"मधुकरभाऊ, माह्या मायनं मले वाजवताना कधी आयकलं नाही," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणते, चार दिसाची पाहुणी हाये. एक तबकडी मले द्या गा."

"देतो ना बाप्पा! तू फक्त नीट वाजव."

वाजवलं त्यानं. गाण्याच्या मधोमध त्याचा एकट्याचा तुकडा होता. तो असा रंगला की सोल्जर बाकांवर चढले.

मध्यंतरात मधुकररावांनी तबकडी लावून पाहिली. सॅक्सोफोन आले. ड्रम आला. मग विश्वनाथची जागा आली...

नुसता ड्रम.

वर ट्रंपेट नाहीच. आणि ती जागा संपल्यावर... टाळ्या!

"मीच काहून नाही गा?"

"मले काय इचारतं? या मशीनले इचार!"

मधुकररावांचं डोकं सणकलं. मशीन बिघडलं असतं तर ड्रमही गेला असता ना? त्यांनी सुई बदलली. वायर बदलली. मायक्रोफोन उचलून विश्वनाथच्या तोंडापुढे ठेवला.

मध्यंतरानंतर बँडनं तेच गाणं पुन्हा घेतलं. दुसरी तबकडी. सॅक्सोफोन, ड्रम... आणि तीच मोकळी जागा.

शेवटी लोकांनी त्याच गाण्याला वन्स मोअर दिला, तेव्हा तिसरी लावली. या वेळी मधुकरराव कानाला हेडफोन लावून बसले. विश्वनाथचा प्रत्येक सूर त्यांना स्वच्छ ऐकू आला.

तबकडीवर नव्हता.

मधुकररावांनी हातातला स्क्रू पिळायचा पेचकस भिंतीवर फेकून मारला. विश्वनाथनं मात्र तिसरी तबकडी उचलून फडक्यात गुंडाळली.

"भाऊ, हेच द्या," तो म्हणाला. "माही जागा आली का मी तिथंच वाजवीन. मायले काय समजते!"

रविवारी दुपारी दोघं चावीचा ग्रामोफोन घेऊन खाप्याला गेले. खाटेजवळ ग्रामोफोनची पेटी ठेवली. विश्वनाथ ट्रंपेट घेऊन मायच्या उशाशी उभा राहिला.

सॅक्सोफोन आले. ड्रम आला. त्याची जागा आली. त्यानं ट्रंपेट ओठांना लावला. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या...

ट्रंपेटमधून आवाज नाही.

आवाज ग्रामोफोनमधून आला.

तोच तुकडा. शनिवारचा. अख्खा.

घाबरून विश्वनाथनं ट्रंपेट खाली घेतला. तरी तुकडा चालूच.

प्रयागबाई डोळे मिटून हसत होत्या. "लय गोड वाजवतं रे बापू. अजून एकडाव लाव."

असली जागीच कोरलेली मऊ तबकडी चार-पाचदा वाजली की खल्लास. माय मागत गेली, लेक लावत गेला. सहाव्या वेळी नुसती खरखर उरली. तोवर माय झोपली होती. मंगळवारी ती गेली.

विश्वनाथला त्यानंतर एक सूरही काढता आला नाही. दुसऱ्यांचे ट्रंपेट घेऊन पाहिले. हवा जायची... आवाज नाही. बँड त्याला सोडून पुढच्या गावी गेला.

मधुकररावांनी मशीन कितीदा खोललं, देव जाणे. दोष म्हणून सापडेना. एकदा वैतागून ते विश्वनाथवरच ओरडले, "तुले राग नाही येत गा? सारं गेलं तुयं!"

"मायनं आयकलं ना," तो म्हणाला आणि उठून गेला.

काकांचं मात्र शेवटपर्यंत समाधान झालं नाही. कुणीही भेटलं की त्याला पकडून विचारायचे. मलाही विचारलं होतं:

"शनिवारी माह्या मशीनले जे घेताच आलं नाही... थे रविवारपर्यंत होतं कोनाजवळ?"