मोजणाऱ्याची नजर

लिफ्टचं दार मिटता मिटता तो आत शिरला. मी आईची व्हीलचेअर मागे ओढून जागा केली. त्याच्या गळ्यातलं हॉस्पिटलचं ओळखपत्र दिसलं आणि मला राहवेना.

"तुम्ही इथलेच ना? अहो, आईचा डावा हात हलायला लागला! तिच्या चांगल्या हाताला ना, रोज—"

"नका सांगू!" त्याने चक्क कानांत बोटं घातली आणि पुढच्याच मजल्यावर उतरून गेला.

"शिष्ट!" मी फणकारले.

आई वाकड्या ओठांनी हसली. "दिसायला... बरा आहे."

शिवणकामावर घर चालवलेली माझी आई. पक्षाघाताने तिची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा ती या हॉस्पिटलातल्या संशोधनात सामील झाली. काही जणांचा चांगला हात जाड हातमोज्यात अडकवून ठेवायचा, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावंच लागतं. बाकीच्यांना नेहमीचे व्यायाम.

लिफ्टमधला प्रकार ऐकून व्यायाम घेणाऱ्या ताईंनी मला समजावलं, "तो फक्त सुधारणा मोजतो गं. कोण कुठल्या गटात, हे त्याला कळलं तर नजर नकळत एका बाजूला झुकेल. म्हणून पळतो बिचारा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मग आम्ही बोलू लागलो... आईचे उपचार सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर.

"आज काय विषय?" कॉफीच्या मशीनपाशी तो विचारायचा.

"तुमचा शर्ट. भयंकर रंग आहे."

"मग इतका वेळ बघताय कशाला?"

मी घाईघाईने कॉफी प्यायले. जीभ पोळली!

काचेतून मी त्याला काम करताना बघायची. आईपुढे तो कप ठेवायचा, किल्ली ठेवायचा, बटणांचा सदरा ठेवायचा. एकदा कप कलंडला आणि आईचे डोळे भरून आले. त्याने मदत केली नाही, कीवही केली नाही. फक्त तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मावशी, थांबायचं की पुन्हा? तुम्ही म्हणाल तसं."

"पुन्हा," आई म्हणाली.

त्या क्षणी मी पार विरघळले.

शेवटच्या मोजणीला मात्र आईला आत न्यायला एक अनोळखी बाई आल्या. तो बाहेरच, खिडकीपाशी उभा. काचेवरून पाऊस ओघळत होता.

"तुम्ही का नाही?"

"मोठ्या डॉक्टरांना सांगून बाजूला झालो."

"आमचं काही चुकलं?"

"छे हो! मावशींचा हात बरा व्हावा असं... फार वाटायला लागलंय मला. बाकी कुणाहीपेक्षा जास्त. अशा नजरेने मोजता येत नाही."

"इतकं का वाटतं?" माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"तुम्ही हसावं म्हणून."

मी त्याचा हात धरला — घट्ट.

दार उघडलं. आई काठी टेकत स्वतःच्या पायांनी बाहेर आली.

"खालचं बटण राहिलंच," ती कुरकुरली. मग तिची नजर आमच्या हातांवर गेली आणि चेहरा उजळला.

"तुमचं मात्र... जमलेलं दिसतंय!"