मैदानाबाहेर एक

आमच्या छोट्या विमानतळाच्या भवितव्यावर नगरपालिकेनं तीन बैठका घेतल्या. तिन्ही बैठकांत तावातावानं बोलले ते सगळे लहान विमानात कधी न बसलेले. एकाला तिथं बाग हवी होती, एकाला शाळा. दोघांचं भांडण, आणि जागा मिळाली तिसऱ्याला, म्हणजे बिल्डरला. आठशे मीटरची धावपट्टी, नऊ हँगर, एक रेडिओ खोली आणि माझं वर्कशॉप, एवढाच काय तो पसारा. आम्ही त्याला विमानतळ कधी म्हटलं नाही, मैदानच म्हणत आलो. मी तिथं एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. मैदान चालवणाऱ्या आमच्या फ्लाइंग क्लबात ते बंद करण्याच्या बाजूनं शेवटचं, निर्णायक मत माझंच पडलं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं.

बिल्डरनं मला वॉचमनची नोकरी कबूल केली म्हणून मी तसं मत दिलं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. खरं कारण वहिनी होती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. रेडिओ खोली तीच सांभाळायची. दादा वैमानिक, मी मेकॅनिक. एकाच आईच्या पोटी येऊन आकाश त्याच्या वाट्याला गेलं आणि ग्रीस माझ्या. ते मला खुपायचं, आणि मी ते कधी लपवलंही नाही.

रेडिओ खोलीच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता. डावीकडे लिहिलेलं ‘जमिनीवर’, उजवीकडे ‘हवेत’. प्रत्येक विमानाचा एक पितळी बिल्ला. विमान निघालं की ज्यानं ते तपासून सोडलं त्या मेकॅनिकनं बिल्ला उजवीकडच्या खिळ्याला अडकवायचा. ते परत आलं की आधी जाऊन पंखाला हात लावायचा आणि मगच बिल्ला डावीकडे आणायचा. आधी हात, मग बिल्ला. ही रीत कुणी घालून दिली ते मला माहीत नाही. नवशिके हसायचे, पण पाळायचे. कारण त्याच रीतीचा दुसरा भाग असा, की एकही बिल्ला उजवीकडे असेल तोवर मैदान बंद करायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका स्वच्छ दुपारी दादा दोन वाजता निघाला. परतीची वेळ त्यानं उड्डाणाच्या चिठ्ठीवर लिहिली होती, चार चाळीस. तो आला नाही. पंधरा दिवस शोध चालला. पत्र्याचा तुकडासुद्धा मिळाला नाही. बिल्ला उजवीकडेच राहिला. वहिनी रोज मैदान सोडण्यापूर्वी तो फडक्यानं पुसायची आणि होता तिथंच परत लावायची. दिवसभर रेडिओच्या कामातून मान वर झाली की ती खिडकीतून धावपट्टीच्या टोकाकडे बघायची. रडायची नाही, बोलायची नाही. एखादी बस उशिरा येणार असली की माणूस बसतो ना, तशी बसायची.

मला जे माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं. जुन्या विमानातला इंधनाचा काटा भरवशाचा नसतो. टाकीत लाकडी पट्टी बुडवून मोजावं लागतं. त्या दिवशी सकाळी माझं आणि दादाचं कडाक्याचं भांडण झालं होतं, कशावरून ते आता आठवतही नाही. रागाच्या भरात मी पट्टी बुडवलीच नाही. अंदाजानं आकडा लिहिला आणि सही ठोकली. मग अकरा वर्षं तिचं ते बघणं बघत बसलो. मैदान गेलं की ती खिडकी जाईल, एवढीच माझी अक्कल चालली. भ्याड माणसाचं मत होतं ते.

मैदान बंद करण्याचा अर्ज दोन पानी होता. दुसऱ्या पानावर एक रकाना होता, ‘मैदानाबाहेर असलेली विमानं’. त्याखाली रेडिओ खोलीची सही. वहिनीनं रकान्यात ‘एक’ लिहिलं आणि सही केली नाही. पालिकेचा अधिकारी आधी हसला, मग चिडला, मग बाई म्हणून त्यानं सबुरीनं घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या घरचं माणूस आहे, सोमवारपर्यंत तुम्हीच काय ते निस्तरा.

शनिवारी सकाळी वहिनी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. बाकीची विमानं आठवड्यापूर्वीच दुसरीकडे हलवली होती. फळ्यावर उजवीकडे तो एकच बिल्ला. मी तो काढला आणि डावीकडे लावला. नोंदवहीत त्या दिवसाची तारीख घातली. उतरण्याची वेळ काय लिहावी सुचेना, तेव्हा चिठ्ठीवरची आठवली तीच लिहिली, चार चाळीस. घड्याळात साडेअकराही वाजले नव्हते. एकतीस वर्षांत विमानाला हात न लावता हलवलेला माझा हा पहिला बिल्ला.

वहिनी आली तेव्हा तिचा एक गाल सुजला होता. ती फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती.

“पंखाला हात लावलात?” तिनं विचारलं.

“लावला,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. पर्स खुंटीला अडकवली, खुर्ची खिडकीशी ओढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ती बसली.

दुपारी मी फुल्या काढायला घेतल्या. धावपट्टी बंद झाली की तिच्यावर मोठाल्या पांढऱ्या फुल्या काढतात, वरून येणाऱ्याला इथं उतरायचं नाही हे कळावं म्हणून. एकेक रेघ अठरा पावलांची. लांब दांड्याचा रोलर, घट्ट रंग आणि खाली तापलेलं डांबर. पहिली फुली पुरी होता होता डबा रिकामा झाला. दुसरा आणायला मी स्टोअरमध्ये गेलो. स्टोअर रेडिओ खोलीच्या बरोबर खाली होतं.

वरून वहिनीचा आवाज आला. नेहमीचा, कामाचा, कोरडा.

“धावपट्टी मोकळी आहे. वारा नाही. उतरा.”

रेडिओची यंत्रं शुक्रवारीच काढून नेली होती. वर टेबलावर नुसत्या तारांची टोकं होती.

मी डबा हातात धरून कान दिले. माझा कानांवर विश्वास आहे, त्यांच्यावरच माझं पोट चाललं. इंजिनाचा आवाज नव्हता. फक्त पत्र्याच्या कडेवरून हवा जावी तशी बारीक शीळ आली, मोठी झाली, आणि मग चाक टेकल्याचा हलकासा चर्रर.

टाकी रिकामी झालेलं विमान असंच उतरतं. इंजिनाशिवाय.

मी बाहेर धावलो. धावपट्टी रिकामी होती.

ओल्या फुलीतून तीन रेघा गेल्या होत्या. बाजूंना दोन रुंद, मधोमध एक बारीक, शेपटीच्या चाकाची. मी टेप आणून दोन चाकांमधलं अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. तो आकडा मला अकरा वर्षांनीही पाठ होता.

रेघा फिकट होत होत दादाच्या हँगरकडे वळल्या होत्या. कुलूप जागच्या जागी, किल्ली माझ्या खिशात.

आत काही नव्हतं. धुळीत तेलाचा एक थेंब होता. मी बोट लावलं.

कोमट होता.

उजेड होता तोवर मी त्या तीन रेघांवरून रोलर फिरवला. काय दिसलं ते कुणाला सांगितलं नाही. सांगून सांगणार काय आणि कुणाला? जिला सांगायचं तिची खुर्ची तोवर रिकामी झाली होती.

सोमवारी टेबलावर अर्ज सापडला. रकान्यातलं ‘एक’ नीट खोडून वर ‘शून्य’ लिहिलेलं, खाली वहिनीची सही. अधिकाऱ्यानं माझी पाठ थोपटली. मी त्याचा हात झटकला नाही. मंगळवारी बुलडोझर आला आणि सगळ्यांत आधी रेडिओ खोली पाडली. तासाभराचंही काम नव्हतं.

संध्याकाळी मी वहिनीच्या घरी गेलो. तिची छत्री आणि खुर्चीवरची उशी मी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती, ती द्यायचं निमित्त. वहिनी तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची. बेल वाजवल्यावर ती जिन्यात बाहेर आली आणि दार मागे अर्धवट लोटलं. केस नीट विंचरलेले, साडी चांगली. छत्री आणि उशी तिनं दोन्ही हातांत घेतली.

“हळू बोला,” ती म्हणाली. “हे झोपलेत.”

मी कठड्याला धरलं.

“वहिनी, मी त्या दिवशी टाकी मोजली नव्हती.”

अकरा वर्षं दडवलेलं वाक्य त्या जिन्यात बाहेर पडलं. वाटलं होतं, बोललो की हलकं वाटेल. नाही वाटलं.

“ह्यांना माहीत आहे,” ती म्हणाली.

मी तिला म्हणालो, की मला एकदा आत जाऊ दे, त्याचे पाय धरतो, तो काय बोलेल ते ऐकून घेतो. माझा तोल सुटला होता. मी तिच्या खांद्यावरून दाराकडे हात नेला.

दार हळूच मिटलं. आतून कडी सरकली. आधी वरची, मग खालची.

वहिनीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“निघा आता, भावोजी,” ती समजुतीनं म्हणाली. “तुम्ही गेलात की उघडतील.”