कंबरेला काय हाय?

बसा ना. लाइट येईल एवढ्यात, आणि नाही आली तर ही मेणबत्ती आहे. उद्यापासून या खुर्चीत तुम्ही बसणार, म्हणून कपाटं, फायली, किल्ल्या सगळं दाखवून झालं. राहिलं ते गेटवरच्या केबिनचं. ते कुठल्या फायलीत सापडायचं नाही, म्हणून तोंडी सांगते. हसायचं असेल तर खुशाल हसा. मागच्या वर्षी मला कोणी हे सांगितलं असतं, तर मीही हसलेच असते.

आपल्या टॉवेलच्या परदेशी गिऱ्हाइकांनी तेव्हा नवीच अट घातली. कारखान्याच्या आवारात कोणाचंही हत्यार नको, परवाना असला तरी नको. नवी विटी, नवं राज्य. प्रशासन माझ्याकडे, त्यामुळे मराठी नियमावली मीच लिहिली. गेटवर प्रत्येकाला विचारायचं, हत्यार असेल तर गोळ्या काढून केबिनमधल्या लोखंडी कपाटात ठेवायचं, आणि जाताना ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं. कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली गेटवर आणि दुसरी ऑफिसात. विचारायचा प्रश्नसुद्धा मी घडवून दिला होता, 'आपल्याजवळ परवानाधारक शस्त्र आहे काय?'

गेटवर तेव्हा गुरुशांतमामा होते. अक्कलकोटकडचे, फौजेतून निवृत्त, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्याडम, हे असं कोन बोलतंय का सोलापुरात?"

त्यांचा प्रश्न निराळा होता. खिडकीतून वाकून बघायचे आणि अगदी हळू विचारायचे, "साहेब, कंबरेला काय हाय?" समोरचा म्हणायचा, काही नाही. मामा नुसते बघत राहायचे. मग म्हणायचे, "हाय की." आणि असायचंच. स्वतःची दुनळी बंदूक त्यांनी सगळ्यांच्या आधी कपाटात ठेवली होती, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

वाद घालायचा तो फक्त दिग्विजय. आपल्याकडे मजूर पुरवायचं कंत्राट त्याच्याकडे होतं. गाडी, गळ्यातली साखळी आणि कंबरेचं रिव्हॉल्व्हर, तिन्ही जगाला दिसली पाहिजेत असा त्याचा थाट. त्याचे मुकादम बायकांना त्रास देतात म्हणून आशिषनं ते कंत्राट बंद करायला लावलं. आशिष म्हणजे विणकाम विभागाचा मॅनेजर, माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चौथीत होता; त्याला मीच वाढवलं. दिग्विजय त्याच्या ऑफिसच्या दारात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला बघून घेतो, आश्या." त्या दिवसापासून आशिष घरी येईपर्यंत मी दारातच उभी असायचे. धीर एवढाच होता की गेटवर मामा आहेत.

आणि एप्रिलच्या एका भर दुपारी मामाच गेले. केबिनमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्यांची बंदूक पोलिसांकडे जमा करायची होती, त्यासाठी त्यांची बायको नागव्वा आली. सगळं उरकलं तरी ती केबिनच्या दाराशी उभीच. मी म्हटलं, चला, मामा गेले, आता... तर तिनं माझा हात धरला आणि कानडीत म्हणाली, "अवरु होगिल्ल री." ते गेले नाहीत. मराठीत एवढंच पुढे म्हणाली, "दारातनं 'येतो' म्हनून निघालं हुतं की वो. जातो म्हटलं न्हाय." आपण सगळेच येतो म्हणतो, जातो कोण म्हणतं? दुःखात माणूस काहीही बोलतं, असं मी मनाशी म्हटलं.

नवा माणूस मिळेपर्यंत कपाट बंद ठेवायचं ठरलं, दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये आल्या. गेटवर शिवप्पा नावाचा बदली गडी बसायचा, तो बिचारा पाणी आणायला म्हणून जायचा आणि तासाभरानं उगवायचा.

मे महिन्यातली गोष्ट. गेटवर चिकटवलेल्या नियमांच्या कागदाचं एक टोक सुटलं होतं, ते चिकटवायला मी डिंकाची बाटली घेऊन निघाले. दुपार कशी असते आपल्याकडे, तुम्हाला माहीतच आहे. रस्त्यावर कुत्रं नाही. माग जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झालेले, त्यामुळे कानात दडे बसल्यासारखी शांतता. शिवप्पा नेहमीप्रमाणे गायब. गेट उघडं, आणि गेटातून दिग्विजय आत येत होता.

मी डिंकाची बाटली धरून जागच्या जागी उभी. तो सरळ आशिषच्या ऑफिसच्या दिशेनं निघाला होता, शर्टाखाली कंबरेचा तो फुगवटा मला एवढ्या लांबून दिसत होता. केबिनच्या खिडकीसमोर आला आणि थबकला. आत बघून म्हणाला, "काय न्हाय."

आत कोणी नव्हतं. मी बाजूला होते, मला खिडकीतून केबिनचा अर्धा भाग दिसत होता. रिकामी खुर्ची, भिंतीवरचं कॅलेंडर.

दिग्विजय पुढे जाईना. त्याचा चेहरा पांढराफटक पडत गेला. मग त्यानं निमूटपणे रिव्हॉल्व्हर काढलं, उघडलं, गोळ्या तळहातावर ओतल्या आणि सगळं खिडकीतून आत दिलं. दिलं म्हणते मी, ठेवलं नाही. समोरून कोणीतरी घ्यावं तसे त्याचे हात क्षणभर थांबले आणि हलके झाले. लोखंड लाकडावर टेकल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. वाऱ्याचा लवलेश नव्हता, तरी बंदुकीच्या तेलाचा आणि ओल्या भस्माचा वास माझ्यापर्यंत आला.

तो आत गेला तशी मी भानावर आले आणि मागे धावले. पोहोचले तेव्हा आशिष भिंतीला टेकून उभा होता. दिग्विजयचा हात कंबरेशी गेला. तिथं काही नव्हतं. त्यानं पुन्हा चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"त्या म्हाताऱ्यानं घेतलं..." तो पुटपुटला. "गेटवरच्या..."

"कुठल्या म्हाताऱ्यानं?" आशिषनं विचारलं.

"गुरुशांतनं."

"मामांना जाऊन महिना होत आला," आशिष म्हणाला. दिग्विजय, एवढा धिप्पाड माणूस, मटकन खाली बसला.

पोलीस आले. त्यांच्यासमोर मी पर्समधून दोन्ही किल्ल्या काढून दिल्या. हवालदारानं कपाट उघडलं. आत रिव्हॉल्व्हर होतं. उघडलेलं, गोळ्या बाजूला फडक्यात बांधलेल्या. आणि कपाटाच्या दाराला आतून, तीन बोटांनी ओढलेले भस्माचे तीन पट्टे. अजून ओले होते.

दिग्विजयचं हत्यार जप्त झालं, परवाना गेला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून लोक खूश. कामगारांनी केबिनला नारळ फोडला. खरं सांगते, मीही हात जोडले. भीती वाटत होती, पण माझ्या भावाचा जीव ज्यानं वाचवला त्याला भूत कसं म्हणू?

नंतर कळलं की हे दिग्विजयपुरतं नव्हतं. रोकड नेणाऱ्या गाडीवरचा बंदूकवाला एकदा म्हणाला, "तुमचं म्हातारं गेटमन लई कडक हाय की." एका पाहुण्यानं तर न विचारता पिस्तूल काढून खिडकीत धरलं. ज्याच्याजवळ काही असतं त्यालाच ते विचारतात. ज्याच्याजवळ नसतं त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी रोज जाते-येते, मला आजवर चकार शब्द ऐकू आलेला नाही. तुम्हालाही येणार नाही. तेव्हा घाबरू नका, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं.

मग मी का जातेय, असं विचारताय?

गेल्या रविवारी चौकीवरून फोन आला. दिग्विजयनं अपील केलं होतं, त्याला परवाना परत मिळाला, हत्यारही. मी रात्रभर जागी. आशिष उलट मलाच चिडवत होता, "ताई, गेटवर मामा आहेत ना गं. माशी तरी आत येईल का?"

सोमवारी आम्ही दोघं बरोबरच आलो. गेटातून मी पुढे झाले. मागे बघते तर तो केबिनपाशी थांबलेला.

"काही नाही हो," तो खिडकीकडे बघून म्हणाला.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी त्याचा दंड धरला. "आश्या, तू काही घेतलंयस का बरोबर? खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही गं ताई. शपथ."

मी त्याची बॅग तिथंच रस्त्यावर उलटी केली. डबा, चार्जर, छत्री. खिसे बघितले, कंबर चाचपली, लहान असताना शाळेत पाठवताना चाचपायची तशी. काही नव्हतं. म्हटलं, चल, माझा हात धरून चल. दोन पावलं टाकली आणि त्याचा हात माझ्या हातात गार पडला.

"ताई, ते ऐकत नाहीत. 'हाय की' म्हणतायत."

"अरे, पण तुझ्या कंबरेला काही नाही. सांग त्यांना!"

त्यानं मान हलवली. मग सावकाश हात वर नेला आणि शर्टावर डाव्या बाजूला, काळजापाशी, तळवा ठेवला.

"कंबरेचं नाही विचारत गं," तो म्हणाला. "'साहेब, छातीत काय हाय?' म्हणतायत..."