पाणी कोण घालतं?

डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगितलं, त्याच दुपारी तो मला भेटला. इस्पितळाच्या व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होता. घालत कसला, प्रत्येक कुंडीत आधी बोट खुपसून बघत होता. माझं डोकं आधीच फिरलेलं.

"हे काय चाललंय?"

"तहान लागलीय का बघतोय," तो म्हणाला. "न विचारता पाजायचं नसतं."

एरवी हसले असते. त्या दिवशी एकदम विचारलं, "अनंताच्या कळ्या न उमलताच का गळतात?" आईचं काय होणार ते कळलं होतं, निदान कळ्यांवर तरी इलाज असेल असं वाटलं.

त्याने हातातली झारी खाली ठेवली. "घरी येऊन बघावं लागेल."

अनंताची कुंडी आईच्या उशाशी होती. औषधांच्या वासाला आई विटली होती. जाण्याआधी एका फुलाचा वास घ्यायचाय – बस, एवढंच मागणं. त्याने मातीत बोट घातलं आणि चिखलाने भरलेलं बाहेर काढलं.

"पाणी कोण घालतं?"

"मी, सकाळी," बाबा म्हणाले.

"मी दुपारी," मावशी म्हणाली.

"मी... संध्याकाळी."

आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. आईसाठी काहीच करता येत नव्हतं, म्हणून जो तो गुपचूप कुंडीत पाणी ओतत होता. आई खुदकन हसली, आणि मग तिला खोकल्याची उबळ आली.

पाण्याचं काम त्याने माझ्या एकटीवर सोपवलं. वरची माती सुकली तरच घालायचं. एसीने हवा कोरडी पडते, म्हणून ताटलीत खडे, खड्यांत थोडं पाणी, वर कुंडी – पण तिचं बूड पाण्याला लागता कामा नये.

मग तो येतच राहिला. मी चहा ठेवायची, घोटभर आईलाही द्यायची.

"बोट दाखवा," तो म्हणायचा.

"परीक्षा घेताय?"

"हो. नापास झालात तर रोज यावं लागेल."

एकदा माझ्या बोटाची माती त्याने अंगठ्याने हळूच पुसली. मी हात मागे घेतला नाही. आत आई कण्हत होती, आणि मला मेलीला सुख वाटत होतं.

एक कळी टिकली. पांढरी, टपोरी झाली... आणि ती मिटलेली असतानाच आई गेली. माणसांना बसायला जागा हवी म्हणून कुणीतरी कुंडी गॅलरीत ढकलली. कळी गळाली.

काही दिवसांनी तो आला. मी म्हटलं, "मी पाणी घातलेलं नाही."

त्याने बोट घातलं. माती ओली होती. दारात बाबा रिकामा पेला घेऊन उभे होते, चोरी पकडल्यासारखे.

"घाला काका," तो हळू आवाजात म्हणाला. "फक्त हिला सांगून घाला."

बाबा आत गेल्यावर तो म्हणाला, "सगळं पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. नंतर यायची गरज नव्हती."

"मग का यायचात?"

"कळी बघायला – असं स्वतःला सांगत होतो."

"कळी तर गळाली."

"मावशींनी सांगितलं फोनवर. तरी आलोय."

आई गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले. तो नुसता जवळ उभा राहिला. मग मी चहा ठेवला. सवयीने अजून चौघांचाच ठेवायची, आणि रोज आईचा घोटभर मोरीत ओतून द्यायची.

त्या दिवशी ओतावा लागला नाही.