चहाचा रंग

भुताच्या गोष्टीला रात्रच लागते, असं कोणी ठरवलं? ही भर दुपारची आहे. आणि खरी आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं, फक्त मावशीसमोर हसू नये.

चीनमधल्या छाओचौ शहरातली नदीकाठची आमची गल्ली. माझ्या आईची बहीण, वानछिंगमावशी, तिथेच राहते. तिच्या बैठकीत दुपारी मैफल जमायची. सगळ्यांत थोरले दलुंगदादा पुढे, उंच आवाजाच्या सारंगीवर. मूशेंगकाका, म्हणजे मावशीचे यजमान, मागे करवंटीच्या सारंगीवर. शेजारचे हानभाऊजी संतूरवर. संथ सुरू झालेली धून दलुंगदादा चढवत न्यायचे. ते थांबल्याशिवाय काका थांबायचे नाहीत. जन्मभराची सवय.

चहा मावशीचा. माणसं कितीही असोत, पेले तीनच. किटलीतल्या त्याच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी ओतायचं, नवा माणूस आला की पत्ती बदलायची. पाहुणा हलतच नसेल, तर बदलायची नाही. चहा फिका पडला की शहाणा माणूस समजून उठतो.

दलुंगदादा वारले, त्याच सुमारास काकांच्या हृदयानेही दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, वाजवा, पण जलद काही नको.

त्यानंतरची ही पहिलीच मैफल.

"आता आपली धून गोगलगायीसारखी चालणार," हानभाऊजी म्हणाले.

"चालू दे. मला जगायचंय बाबा," काका हसले.

पहिली धून संपली. मावशी दाराकडे पाठ करून पाणी उकळत होती.

उंबऱ्याशी पाऊल वाजलं...

"या, चहा घ्या!" ती सवयीने म्हणाली. हातांनीही सवयीने जुनी पत्ती काढून टाकली, नवी भरली.

मग तिने वळून पाहिलं.

दारात कोणीच नव्हतं.

तिने तीन पेले भरले. एक काकांनी घेतला, एक भाऊजींनी. तिसरा ती स्वतःसाठी उचलायला गेली...

रिकामा.

आणि टेबलावर बोटं वाजली. टक टक... टक.

चहा मिळाला की आमच्याकडे सगळेच टेबलावर दोन बोटं वाजवून आभार मानतात. उशिराचं ते तिसरं बोट फक्त दलुंगदादांचं.

काकांनी गज उचलला. धून सुरू झाली ती थेट चढत्या लयीतच.

"अहो, सावकाश!" मावशी ओरडली.

"मूशेंग, कोणामागे धावतोयस?" भाऊजींनी संतूर केव्हाच थांबवलं होतं.

"ऐकू येत नाही तुम्हाला?" काकांचा चेहरा उजळला होता, ओठ मात्र निळे पडत होते. "दादा थांबल्याशिवाय मी कसा थांबू?"

मावशीने हात धरला. गज तिच्यासकट ओढला जात होता.

तिला एकच सुचलं. पत्ती बदलायची नाही. त्याच पत्तीवर ती पाणी ओतत राहिली. तिसरा पेला भरायची...

तो रिकामा व्हायचा.

पुन्हा भरायची. पण चहा फिका पडेना. उलट काळपट होत चालला.

काकांच्या कपाळावरून घाम ठिबकत होता.

शेवटी मावशीने हात जोडले. "दादा, चहा संपला. आता उठा."

कुठल्याही पाहुण्याला तिने असं कधी म्हटलं नव्हतं.

सारंगी थांबली.

काकांनी गज खाली ठेवला. "झकास झालं गं," ते म्हणाले आणि पेल्याकडे हात नेला. टेबलावर त्यांची दोन बोटं वाजली. मग मान कलली.

उंबऱ्याशी पुन्हा पावलं वाजली... या वेळी दोघांची.

मावशी अजून म्हणते, "मी एकालाच उठा म्हटलं होतं गं. हे कशाला उठले?" हानभाऊजी आता त्या बैठकीत पाऊल टाकत नाहीत.

इतके महिने झाले, किटलीतली ती पत्ती मावशीने फेकलेली नाही. रोज दुपारी तिच्यावर उकळतं पाणी ओतते, तीन पेले भरते आणि दाराकडे बघत बसते. चहाला रंग आहे तोवर पाहुणा उठून गेलेला नसतो, असं तिचं म्हणणं. तिची समजूत काढायची सोय नाही, कारण रंग खरंच येतो. मी डोळ्यांनी पाहिलाय.

परवा गेले होते. तिने पेले भरले.

रंग जरा उतरलेला वाटला...

मी तिला सांगितलं नाही.