दुसरं हरीण

केदारनं मोटरसायकल घेतली ती हौसेनं नाही. स्टेट कॉलेज नावाच्या त्या गावातल्या बस कॅम्पसभोवती घिरट्या घालतात आणि तिथंच दमतात. त्याचं काम होतं चौदा मैलांवर, डोंगरापलीकडे, युनिव्हर्सिटीच्या शेतावर. मातीचे नमुने काढायचे, पिशव्यांत भरायचे, नंबर टाकायचे. कार त्याला येत नव्हती. सांगलीत सोळाव्या वर्षापासून बाबांची मोटरसायकल पळवलेली, तेवढंच काय ते येत होतं.

सेकंडहँड गाडी घेऊन तो घरी आला तेव्हा मोरेश्वरकाका गॅरेजच्या दारात उभे होते. काका त्याचे घरमालक. वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर डोळ्यांत खुपेल अशी केशरी टोपी, हातात चहा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागची सीट अंगठ्यानं दाबून बघितली.

"डबलसीट चालते का रे?"

"कुणाला न्यायचंय काका?"

"मला."

केदार हसला. काका हसले नाहीत.

झालं होतं असं, की वसंतात काकांना कार चालवताना चक्कर आली. काही झालं नाही, गाडी कुंपणाला टेकून थांबली. पण लांबच्या श्रूजबरी गावाहून त्यांची मुलगी रेणू आली आणि कारच्या किल्ल्याच घेऊन गेली. आणि काकांचं मचाण होतं बरोबर केदारच्या कामाच्या शेताशेजारी, एका शेतकरी मित्राच्या रानात. शिकारीचं चापाचं धनुष्य, क्रॉसबो, तोही त्याच्याच कोठारात ठेवलेला. काका शिकारी होते. लायसन्सवाले, वर्षाला दोन हरणं, तिसरं नाही.

"हरणं मारता तुम्ही?" केदारनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"इथे वाघ नाही, लांडगा नाही. शिकारी होते ते माझ्यासारखे म्हातारे झाले. वीस हरणांचं रान आणि हरणं साठ. एक रोपटं गुडघ्यावर वाढू देत नाहीत. मग उपाशी पोटी रस्त्याकडेच्या गवतावर येतात. त्यांचा काय दोष?" मग कुकरची शिटी झाली आणि काका उठले. "बस. कांदा-लसूण मसाला घातलाय. खाऊन बघ आणि मग बोल."

केदारनं खाल्लं. आईला व्हिडिओ कॉलवर मटण म्हणून दाखवलं.

ऑक्टोबरभर काका डबलसीट आले. रेणूला सांगितलं, केदार मला बसनं नेतो. केशरी जॅकेट, केदारच्या मित्राचं हेल्मेट, आणि दोन्ही हात केदारच्या खांद्यांवर. परत येताना दिवस मावळायला आलेला असायचा. काकांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. डाव्या खांद्यावर टकटक, हरीण डावीकडे. उजव्यावर, उजवीकडे. दोन्ही तळवे एकदम आपटले, की काही विचारायचं नाही, थांबायचं.

"आणि एक गेलं म्हणून निघायचं नाही. एक दिसलं की दुसरं मोज. मी 'दोन' म्हटल्याशिवाय क्लच सोडायचा नाही."

पहिल्यांदा खांद्यावर बोटं वाजली तेव्हा केदारनं मान वळवून मागे बघितलं. हेल्मेटवर टप्पदिशी चापट बसली.

"मागे काय बघतोस? मी कुठे पळून चाललोय? पुढे बघ!"

केदारला हरीण दिसायचंच नाही. नुसती उभी झाडं, राखाडी. काकांना मात्र दिसायचं. म्हणायचे, रानात सगळं उभं असतं रे, आडवी रेघ दिसली की ते हरीण. डोळे त्यांचे शाबूत होते. महिन्याभरात केदारला ती बोटं ओळखू यायला लागली, आईच्या हाकेसारखी.

डोंगर उतरताना एका वळणावर पिवळी पाटी होती, उडी मारणाऱ्या हरणाची. तिथं आल्यावर काका काहीच बोलायचे नाहीत. फक्त खांद्यावरची पकड घट्ट व्हायची. एकदा केदारनं विचारलं.  घरी पोचल्यावर गॅरेजमध्ये हेल्मेट काढता काढता काका म्हणाले, "तुझी काकू, पद्मिनी, शेजारी बसली होती. एक गेलं. मी ब्रेक सोडला."

एवढंच. मग आत जाऊन त्यांनी दोघांसाठी चहा टाकला.

त्या पाटीचं आणखी एक होतं. केदारला अशा गोष्टी दिसायच्या, कारण गाडीचं सगळं तो व्हिडिओ बघून स्वतःच करायचा. मागे माणूस बसला की गाडीचं शेपूट दबतं आणि पुढचा दिवा वर बघतो. एखाद्या दिवशी काका नसले आणि परतायला अंधार झाला, की दिव्याचा उजेड पाटीच्या खांबावर, कमरेइतक्या उंचीवर पडायचा. काका मागे असले की थेट वर, पिवळ्या हरणावर.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इथल्या दरवर्षीच्या रीतीप्रमाणे, हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली, आणि केदारची परत येण्याची वेळ बरोबर तिन्हीसांजेत आली. हरणांचा माजाचा महिना. रस्त्याकडेला रोज एखादं मेलेलं. त्याच आठवड्यात काकांना स्वयंपाकघरात चक्कर आली.

रेणू रात्रीच निघून पहाटे पोचली. हॉलमध्ये दोन हेल्मेटं शेजारी शेजारी ठेवलेली. तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"बस, ना बाबा? बसमध्ये हेल्मेट घालतात?"

"सेफ्टी फर्स्ट," काका म्हणाले.

ती चिडली, मग रडली, मग हसली. दुपारी त्यांना घेऊन गेली. खिडकीची काच खाली करून काकांनी केदारचा खांदा दोनदा थोपटला. "घराकडे बघ. आणि दुसरं मोज."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला केदार शेतावरून निघाला. एकटाच. मागची सीट मोकळी वाटत होती, पाठीला गार लागत होतं. डोंगर चढला. उतार लागला.

वळणावर पिवळं हरीण लख्ख उजळलं.

अप्पर लागला असेल, म्हणून त्यानं बघितलं. डिपरवरच होता.

आणि डाव्या खांद्यावर टकटक.

केदारनं विचार केला नाही. हातानं आपोआप ब्रेक दाबला. डावीकडच्या झाडीतून एक मादी आली, रस्त्यावर खुरं वाजवत पलीकडे गेली. गेली. त्यानं क्लच सोडायला बोटं ढिली केली, तोच दोन्ही खांद्यांवर दोन तळवे आपटले.

दुसरं त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावरून गेलं. जाताना थांबलं. त्याच्याकडे नाही बघितलं. त्याच्या खांद्यावरून, मागे बघितलं. कान टवकारून, चांगलं दोन क्षण. मग गेलं.

केदारनं मागे वळून बघितलं नाही. तशी सवयच लावलेली होती.

घरी आल्यावर त्यानं टायरमधली हवा बघितली. मागचे शॉकअप बघितले. गाडीवर बसून गॅरेजच्या भिंतीवर उजेड जिथं पडतो तिथं खडूनं रेघ मारली. रेघ खालीच होती, एकट्या माणसाची असते तिथं. दुसऱ्या दिवशी वळणावर पुन्हा हरीण उजळलं. तिसऱ्याही दिवशी.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नाही. बरं वाटलं. परक्या देशात संध्याकाळी कुणीतरी मागे बसलंय, आपली काळजी करतंय, हे वाईट काय? चौथ्या दिवशी उतार लागल्यावर तो हेल्मेटच्या आत हळूच म्हणाला, "बसा नीट काका." आणि खांद्यावर टकटक झाली नाही, पण पकड घट्ट झाली.

शनिवारी रेणूताईचा फोन आला.

"केदार, बाबा तिथे असताना संध्याकाळी काही विचित्र वागायचे का रे?"

"म्हणजे?"

"रोज सव्वापाच झाले की खुर्चीच्या हातांवर बोटं वाजवतात. डावीकडे, उजवीकडे. कधी दोन्ही हात धपकन. मला आधी वाटलं तबला चाललाय." ती हसली, पण अर्धवट. "गुडघे बर्फासारखे होतात यार. घरात हीटर चालू आहे. सहा वाजले की थांबतं आणि मग एवढे दमलेले असतात, जेवत नाहीत. आठवड्यात सात पाउंड उतरले. डॉक्टर म्हणतात, टेस्ट सगळ्या नॉर्मल."

केदारनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "रोज सव्वापाच?"

"रोज. आज नाही. आज शनिवार ना, आज छान आहेत."

शनिवारी केदार शेतावर जात नसे.

तरी त्यानं खात्री केली. तसा तो नमुन्यांवर नंबर टाकणारा माणूस. सोमवारी मुद्दाम शेतावर थांबला आणि सातला निघाला. घरी पोचून हातमोजे काढले तर रेणूताईचा मेसेज येऊन पडलेला. आज उशिरा सुरू झालं, सव्वासातला. आज फार थरथरले.

त्यानं लगेच फोन लावला. "काकांना द्या ना जरा."

तिनं फोन काकांच्या कानाला लावला.

"काका, मी केदार."

"अरे, तो दिवा खाली कर," काका म्हणाले. आवाज कापसासारखा झाला होता. "समोरच्यांच्या डोळ्यात जातो."

"काका, तुम्ही नका येऊ आता. मी बघीन नीट. मी मोजीन."

"तुला दिसत नाहीत रे ती," काका मायेनं म्हणाले, आणि फोन रेणूताईकडे दिला.

केदारनं मंगळवारपासून गाडी काढली नाही. शेतावरच्या एकाच्या ट्रकमधून जायला लागला, त्याच्या वेळा सांभाळत, मागे कुत्र्याशेजारी बसून. तीन दिवसांत काकांनी वरण-भात मागून घेतला. आठवड्यानं रेणूताईनं फोटो पाठवला, काका अंगणात पानं गोळा करतायत, तीच टोपी. केदारनं तो फोटो किती वेळा बघितला ते सांगण्यात अर्थ नाही.

मग त्यानं गाडी विकायला काढली. घरात असली तर एखाद्या दिवशी मोह होईल, आणि त्या मोहाची किंमत तिकडे कुणीतरी मोजेल.

गाडी घेतली देवांगनं. इथंच जन्मलेला, वीस वर्षांचा. आईवडील ठाण्याचे. मराठी सगळं कळायचं, बोलायचा इंग्लिश. गल्लीत एक चक्कर मारून आला तो हेल्मेटच्या आत मोठ्यांदा गातच.

"डोंगरापलीकडे जाणार असशील तर ऐक," केदार म्हणाला. "हरणं आहेत. एक गेलं की थांबायचं. दुसरं येतंच."

"आय नो, आय नो. यू साउंड लाइक माय मॉम, दादा."

"संध्याकाळी हळू चालव."

"चिल." देवांगनं हसून त्याला अंगठा दाखवला आणि गाणं जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

काकांचं काय, हे केदारनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय? काका येत होते ते केदारसाठी. केदार गाडीवर नाही म्हटल्यावर ते कशाला येतील? ह्यावर त्यानं दुसरा विचारही केला नव्हता. काका फक्त आपल्यासाठी येतात, याचा थोडा अभिमानच होता त्याला.

दोन दिवसांनी, बुधवारी, तो स्वयंपाकघरात चहा गाळत होता. टेबलावर लॅपटॉप वाजला. रेणूताईचा व्हिडिओ कॉल.

"केदार, तू घरीच आहेस?"

"हो. का?"

"नाही, काही नाही. परत सुरू झालंय. आत्ताच. म्हटलं तू..." तिनं वाक्य सोडून दिलं. तिला काय कळलं होतं, कधीपासून, ते त्यानं विचारलं नाही. भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पाच सतरा.

तिनं कॅमेरा वळवला. काका खुर्चीत ताठ बसलेले. डोळे उघडे, पुढे लागलेले. हात पुढे करून खुर्चीच्या हातांवर ठेवलेले, खांदे धरावेत तसे. त्यांच्यामागे बंद खिडकी, हलत नसलेला पडदा. काकांचे पांढरे केस मागे उडत होते.

"काका," केदार म्हणाला. "काका, मी इथे आहे. मी घरी आहे."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. नजर हलली नाही. "हा कोण रे नवीन पोरगा?"

केदारच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"गातो छान. पण जोरात चालवतो." डाव्या हाताची बोटं दोनदा वाजली. काकांच्या कपाळाला आठी पडली. "आणि हे बघ. खांद्यावर वाजवलं की मागे वळून बघतो. पुढे बघायचं सोडून मागे बघतो रे."

केदारनं फोन उचलला. देवांगचा नंबर शोधताना अंगठा दोनदा चुकला. रिंग गेली.

डावा हात. टकटक.

दुसरी रिंग. तिसरी. गाडीवर असला तर उचलणार कसा, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं फोन कानावर दाबून धरला.

डावा हात. टकटक. टकटक.

मग दोन्ही तळवे, धपकन. इतके जोरात, की रेणूताईच्या हातातला कॅमेरा हलला.

पुन्हा. दोन्ही.

मग सगळं शांत झालं. गाडी थांबल्यावर बसावेत तसे काकांचे केस सावकाश कपाळावर येऊन बसले. ते किंचित पुढे झुकले होते, अगदी लक्ष देऊन, एखाद्या लहान मुलाला रस्ता ओलांडून देताना झुकावं तसे.

"एक," काका म्हणाले.

केदारच्या कानात रिंग वाजतच होती. स्क्रीनवर काका झाडीकडे बघत थांबलेले. त्यांनी अजून 'दोन' म्हटलं नव्हतं.